परक्यांनी आखलेली शीव

आपल्या गावाची शीव आपल्याला ठाऊक असते. कुठे ओढा, कुठे टेकडी, कुठे म्हसोबाचा दगड. वाडवडिलांपासून चालत आलेली ती खूण. पण काही देशांची शीव परक्या माणसांनी दूर बसून आखलेली असते. अशाच एका देशाची ही हकिगत आहे. तो देश म्हणजे आफ्रिका खंडातला नायजेरिया.

१८८४ साली जर्मनीतील बर्लिन शहरी युरोपातील राज्यांची परिषद भरली. आफ्रिकेत कोणी कसे हातपाय पसरावेत, याचे नियम तेथे ठरले. त्या बैठकीस आफ्रिकेचा एकही राजा नव्हता. पाहा, घर एकाचे आणि वाटणीला बसले भलतेच! पुढे इंग्रज आणि फ्रेंच यांनी आपसांत करार करून नकाशावर रेघा ओढल्या. हौसा लोकांच्या मुलखातून रेघ गेली. काही हौसा इंग्रजांकडे आले, काही फ्रेंचांकडे गेले. योरुबा लोकांचेही तसेच झाले. भाषा एक, सोयरीक एक, पण सरकारे दोन.

१९१४ साली लुगार्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उत्तरेचा व दक्षिणेचा मुलूख एक केला. उत्तरेचा खर्च भागत नव्हता आणि दक्षिणेच्या बंदरांत जकात चांगली जमत होती. हे त्यामागचे एक मोठे कारण. लोकांना कोणी विचारले नाही. उत्तरेस हौसा व फुलानी, ते बहुतेक मुसलमान. नैर्ऋत्येस योरुबा. आग्नेयेस इग्बो, ते बहुतेक ख्रिस्ती. शिवाय लहानमोठे अडीचशेच्या वर समाज.

१ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. झेंडा एक झाला, मने एक झाली नाहीत. दुसरा आपल्या डोक्यावर बसेल, अशी जो तो धास्ती धरून होता. जानेवारी १९६६ मध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केले. पंतप्रधान बालेवा हे उत्तरेकडचे. ते मारले गेले. बंडवाल्यांत इग्बो पुष्कळ होते. त्याचा राग उत्तरेत पोटापाण्यासाठी राहिलेल्या निरपराध इग्बो लोकांवर निघाला. हजारो मारले गेले. लाखो लोक जीव मुठीत धरून पूर्वेकडे पळाले. ज्या देशात आपला जीव राखला जात नाही, तो आपला कसा, असे त्यांना वाटले.

३० मे १९६७ रोजी पूर्वेकडच्यांनी बियाफ्रा नावाचे वेगळे राज्य पुकारले. तेलाच्या विहिरी पुष्कळशा तिकडेच होत्या. जुलैमध्ये युद्ध पेटले. सरकारने बियाफ्राच्या वाटा अडवल्या, अन्न मिळेना. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपले, तोवर दहा लाख किंवा त्याहूनही अधिक माणसे गेली असावीत. गोळीपेक्षा भुकेनेच जास्त मारले. त्यांत लहान मुले फार.

युद्ध संपल्यावर देशाचे प्रमुख गोवन म्हणाले, यात कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. बोल चांगले होते. पण युद्धात ज्यांनी बियाफ्रात बँकेचा व्यवहार केला, त्यांच्या हाती २० पौंडच पडले, मग ठेव कितीही असो. असे घाव लवकर भरत नाहीत.

काही शहाणपणही सुचले. १९७३ पासून पदवी घेतलेल्या तरुणांना एक वर्ष सेवेसाठी बहुधा परप्रांतात धाडतात. राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती जास्त मते पुरत नाहीत. दोन-तृतीयांश राज्यांत निदान चौथा हिस्सा मते लागतात. म्हणजे एकट्या आपल्या जातभाईंच्या जोरावर गादी मिळत नाही.

आता विचार करा. शीव परक्यांनी आखली, हे खरे. पण १९६६ ची कत्तल परक्यांनी केली नाही. मग जुनी रेघ पुसून नवी ओढली की भागते का? बियाफ्रातही इजॉ, इबिबिओ, एफिक असे लहान समाज होते. त्यांतल्या पुष्कळांना इग्बोंची धास्ती वाटे. रेघ कुठेही ओढा, आत कोणीतरी थोडके राहणारच. त्या थोडक्यांना कसे वागवतो, यावर देश टिकतो.

देशावर प्रेम करा, असा हुकूम काढून प्रेम येत नाही. ज्या घरात आपल्या भाकरीचा वाटा नीट मिळतो, त्या घराला आग लागली तर माणूस आपणहून घागर घेऊन धावतो.

प्रश्न
१. बर्लिनच्या बैठकीस कोण हजर नव्हते?
२. इग्बो लोक पूर्वेकडे का पळाले?
३. तुमच्या गावात थोडक्या घरांचा समाज कोणता? ग्रामसभेत त्यांचे म्हणणे ऐकले जाते का?