श्रमाच्या तासांचे गणित

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही मर्यादा कायम ठेवली. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम झाल्यास जादा वेळेचे वेतन दुप्पट दराने देण्याचे बंधनही घातले. हक्क कायद्याने मिळाला. तो पगाराच्या दिवशी पदरात पडावयाचा, तर तास मोजण्याची विद्या अंगी असावी लागते. ती अवघड नाही.

समजा, एक कामगार सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी कामावर येतो आणि सायंकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी सुटतो. जेवणाची सुटी अर्धा तास, ती बिनपगारी. वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहावी : १८:०५ वजा ०८:५०. पाचातून पन्नास जात नाहीत, म्हणून एक तास उसना घ्यावा. मात्र हा उसना शंभराचा नव्हे, साठाचा. १८:०५ म्हणजेच १७:६५. बाकी ९:१५. सुटी वजा जाता ८ तास ४५ मिनिटे.

रात्रपाळीत सुटण्याची वेळ दुसऱ्या दिवशीची असते. तिच्यात २४ मिळवून मग वजाबाकी करावी. २२:४० ला लागून ०७:१० ला सुटलेल्याचे ३१:१० वजा २२:४०, म्हणजे ८ तास ३० मिनिटे भरतात.

खरी चूक पुढच्या पायरीवर होते. ८ तास ४५ मिनिटे हे ८.४५ तास नव्हेत. मिनिटांना ६० ने भागावे : ४५ ÷ ६० = ०.७५. म्हणून ८.७५ तास.

एवढ्याशा टिंबाने काय बिघडते? सहा दिवसांचे खरे तास ५२.५, चुकीचे ५०.७. फरक १.८ तासांचा, आणि तो सारा ४८ तासांपुढील, म्हणजे दुप्पट दराचा. ताशी ८० रुपये दर धरल्यास आठवड्याला २८८ रुपये, चार आठवड्यांत १,१५२ रुपये बुडतात. यात कोणी लबाडी केलेली असेलच असे नाही. परंतु ज्याच्याजवळ स्वतःचा हिशेब नाही, त्याला चूकही दाखविता येत नाही. तासांवर बिल आकारणाऱ्या व्यावसायिकालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून पालकांनी एक छोटी वही ठेवावी. तारीख, येण्याची वेळ, सुटीची मिनिटे, जाण्याची वेळ, एवढे चार रकाने पुरेत. नोंद त्याच दिवशी करावी. बेरीज करताना आधी मिनिटे मिळवावीत, साठाचे तास करावेत आणि दशांश रूप शेवटी एकदाच द्यावे. सुटीत घरी आलेल्या मुलाकडे ही वही सोपवावी. वर्गात शिकलेली उसन्याची वजाबाकी आईवडिलांच्या घामाचे मोल राखते, हे त्याला त्या दिवशी उमगेल.