आपले वस्त्र आपल्या हाती
(रात्रीच्या वर्गासाठी धडा : धुणे, वाळविणे व इस्त्री)



जो वस्त्र नेसतो त्याला ते धुता आले पाहिजे, इतकाच ह्या धड्याचा विषय आहे. विषय क्षुल्लक आहे असे कित्येकांस वाटेल. परंतु ज्या घरी नेसणारे पाच व धुणारी एक, त्या घरी ती एक तापाने अंथरुणास खिळली म्हणजे विषय क्षुल्लक राहत नाही. रोहे शहराला लागून असलेल्या वरसे गावी व भोवतालच्या वाड्यांत आम्ही पाहतो की, मुलगा बारावीपर्यंत शिकतो, धाटावच्या कारखान्यात किंवा मुंबई-पुण्याकडे कामास जातो, हातातील फोन सफाईने चालवितो. पण स्वतःचा सदरा त्याला धुता येत नाही. तो आठवड्याचे मळके कपडे पिशवीत भरतो व एसटीने आईकडे आणतो. मुलगी मात्र दहा वर्षांची झाली न झाली तोच धुण्याच्या दगडापाशी बसते. हा भेद सवयीने पडला आहे, आणि सवयीनेच तो मोडेल.

१. हे काम कोणाचे?

जुन्या गावगाड्यात कपडे धुणे हे एका जातीचे काम ठरले होते. परीट हा बलुतेदार. त्याने गावाचे कपडे धुवावे व सुगीला धान्य न्यावे, अशी वहिवाट होती. त्याची कला मोठी, परंतु तिला मान थोडा. स्वच्छतेचा संदेश घेऊन हाती खराटा धरून गावोगाव फिरलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) ह्यांचा जन्म परीट कुटुंबातच झाला, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांचे कपडे परीट धूत नसे. आणि ज्या पाणवठ्यावर त्यांनी ते स्वतः धुतले असते, तो पाणवठाही त्यांना बहुधा बंद असे. वस्त्र मळके ठेवण्यास भाग पाडावयाचे, आणि मळके म्हणून दूर लोटावयाचे, अशी ती कोंडी होती. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणज्यांनी ती भोगली आहे.

ही कोंडी फोडणारी घटना आपल्याच जिल्ह्यात घडली. जिल्ह्याचे नाव त्या वेळी कुलाबा असे होते; रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मोठ्या जनसमुदायासह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडास पुन्हा परिषद भरली, तेव्हा त्यांनी स्त्रियांना वस्त्रांविषयीही उपदेश केला. त्याचा आशय असा की, लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावे. तळ्याचा वाद पुढे न्यायालयात चालला व १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्य वर्गाच्या बाजूने निकालात काढला. पाण्याचा हक्क व स्वच्छ वस्त्र ही एकाच मानाची दोन अंगे आहेत, हे ह्या इतिहासावरून दिसते. तो हक्क मिळाल्यावरही धुण्याचा सगळा भार घरातील स्त्रीवर टाकून पुरुषाने मोकळे राहावे, हे आम्हांस योग्य दिसत नाही.

आता कोणी म्हणेल की, शिकल्यासवरल्या माणसाने हे काम करावे काय? गांधीजी दक्षिण आफ्रिकेत डरबन येथे बॅरिस्टर होते. धोब्याचा खर्च फार व तो वेळेवर येत नसे, म्हणून त्यांनी धुलाईवरील पुस्तक विकत आणले, साहित्य जमविले आणि स्वतः कपडे धुऊ लागले. पहिली कॉलर बिघडली. खळ अधिक झाली होती, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कापड जळेल ह्या भीतीने ती दाबलीही नव्हती. ती कॉलर घालून ते कोर्टात गेले तेव्हा खळ गळू लागली व सोबतचे वकील हसले. त्यांनी काम सोडले नाही.

१९१२ साली आपल्या कोकणचे सुपुत्र गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी दिलेले एक उपरणे त्यांनी प्राणापलीकडे जपले होते. जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरली, आणि उपरण्यास घड्या पडलेल्या. धोब्याकडे पाठविण्यास वेळ नव्हता. गांधीजींनी ते काम मागून घेतले. वकील म्हणून गोखल्यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता, परंतु धोबी म्हणून नव्हता. तरी आग्रहावरून त्यांनी उपरणे दिले, आणि इस्त्री उत्तम झाली. ज्या हाताने पहिली कॉलर बिघडविली, त्याच हाती रानड्यांचे उपरणे निर्धास्तपणे देता आले. मध्ये जे घडले त्याचे नाव अभ्यास.

२. मळ कसा निघतो?

अंगाचा घाम व तेल कापडास चिकटते, आणि त्या तेलास धूळ चिकटते. नुसत्या पाण्याने धूळ जाते, तेल जात नाही. साबणाच्या सूक्ष्म कणाचे एक टोक पाण्याशी मैत्री करते व दुसरे तेलाशी. असे असंख्य कण तेलाच्या थेंबास वेढतात व त्याला कापडावरून सोडवून पाण्यात आणतात. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, साबणाला काम करण्यास वेळ द्यावा; भिजविलेले कापड आपटून फाडण्याची गरज नाही. दुसरी, सुटलेला मळ वाहून नेण्यास स्वच्छ पाणी हवे. साबण पुष्कळ व विसळणे थोडे, असे केल्यास मळ पुन्हा कापडावरच बसतो. पाणी जड असेल तर वडीचा साबण फेस न देता फुटतो व पांढरा साका धरतो. तेथे थोडा धुण्याचा सोडा घालावा. रेशीम व लोकर ह्यांस सोडा वर्ज्य. त्यांना रिठ्याचे पाणी चांगले.

३. धुण्याची रीत

(१) खिसे तपासावे. पांढरे, रंगीत व फार मळलेले असे तीन ढीग करावे. नव्या रंगीत कपड्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग लागला तर तो कपडा वेगळा धुवावा.

(२) लावणीच्या दिवसांत चिखलाने भरलेला कपडा लगेच चोळू नये. चिखल वाळू द्यावा, झटकावा, मग पाण्यात घालावा. ओला चिखल चोळल्याने तो धाग्यांत शिरतो.

(३) साबणाच्या पाण्यात सुती कपडे अर्धा तास भिजवावे. गळपट्टी, बाह्यांची टोके व काखा ह्यांस साबण लावून हाताने चोळावे. मळ तेथेच अधिक असतो.

(४) दोन-तीन पाण्यांत विसळावे. शेवटचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत काम संपले असे समजू नये.

(५) पांढऱ्या कपड्यास नीळ द्यावयाची तर ती पाण्यात पूर्ण विरघळवून मग कपडा बुडवावा. जुने पांढरे कापड पिवळसर पडते. निळा रंग त्या पिवळेपणास झाकतो, म्हणून ते शुभ्र दिसते.

नदीवर धुणाऱ्यांस एक विनंती. भिरा येथे १९२७ साली सुरू झालेल्या टाटांच्या वीजकेंद्राचे पाणी कुंडलिकेस मिळते, म्हणून आपली नदी उन्हाळ्यातही वाहते. परंतु आपल्या खालच्या अंगाला दुसरी गावे आहेत. बादलीने पाणी काठावर आणून तेथे धुवावे व साबणाचे पाणी जमिनीत जिरू द्यावे. घरी धुतल्यास शेवटच्या विसळणीचे पाणी केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात सोडावे.

४. डागांविषयी

रक्ताचा डाग थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो पक्का होतो. फणसाच्या चिकाला पाणी काही करीत नाही. खोबरेल तेल चोळून चीक मऊ करावा व मग साबण लावावा. हळदीच्या डागास साबण लागताच तो तांबडा होतो. नवशिके घाबरतात, परंतु घाबरू नये. साबणातील खारामुळे हळद रंग बदलते. धुऊन कपडा उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हाने उडतो. सर्व डागांचा एक सामान्य नियम असा की, डाग निघण्यापूर्वी त्यावर इस्त्री फिरवू नये.

५. कोकणचा पावसाळा व वाळवण

उन्हाळ्यात वाळविणे हे काम सूर्य करतो. तेव्हा रंगीत कपडे उलटे करून व शक्यतो सावलीत वाळवावे, पांढरे उन्हात. परंतु जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत आपल्याकडे चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. कपडा वाळण्यास उष्णतेइतकीच वाऱ्याची गरज आहे. म्हणून पडवीत दोरी बांधावी व दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे. एकावर एक टाकलेले कपडे कुबट होतात. जाड कपडा कोरड्या पंचात गुंडाळून दाबला म्हणजे निम्मे पाणी पंचाच घेतो. पावसाळ्यात सगळे कपडे एकाच दिवशी न धुता रोज थोडे धुवावे. चुलीवर दांडी बांधणाऱ्यांनी ती उंच व पक्की बांधावी. सुटलेला कपडा विस्तवात पडून घरे जळतात.

दमट कपडा अंगावर घालणे हे केवळ गैरसोयीचे नाही, रोगाचे आहे. नायटा ही बुरशी होय, आणि तिला ओल व ऊब ही दोन्ही हवीत. जांघेत व कमरेला चिकटणारी दमट चड्डी तिला दोन्ही देते. घरात एकास नायटा झाला असेल तर त्याचा पंचा व कपडे निराळे ठेवावे, कढत पाण्यात धुवावे आणि उलटे करून उन्हात वाळवावे. दुकानातून कोणतेही मलम विचारल्यावाचून आणून लावू नये. कित्येक मलमांत स्टिरॉइड असते, त्याने खाज तात्पुरती थांबते व नायटा पसरतो. डॉक्टरांस दाखवावे.

६. इस्त्री

सुताचे तंतू जसे वाळतात तसे एकमेकांस धरून राहतात. म्हणून चुरगळून वाळलेले कापड चुरगळलेलेच राहते. ओल व उष्णता मिळाली म्हणजे ती पकड सैल होते, आणि दाब दिला की तंतू सरळ होऊन तसेच थंड होतात. ह्याकरिता सुती कपड्यावर आधी पाणी शिंपडावे. नायलॉन व टेरिलीन ह्यांस सर्वांत कमी उष्णता, रेशीम व लोकरीस मध्यम, सुतास सर्वांत अधिक. नव्या कपड्याच्या आतील चिठ्ठीवर इस्त्रीचे चित्र असते. त्यात एक टिंब म्हणजे मंद, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे कडक. संशय असेल तर आतल्या शिवणीवर करून पाहावे.

सदऱ्याचा क्रम असा : प्रथम गळपट्टी, टोकांकडून मध्याकडे, मग खांदे, बाह्यांची टोके, बाह्या, पुढचे दोन भाग व शेवटी पाठ. खळ हवी असल्यास भाताची पेज पातळ करून व गाळून घ्यावी. विजेच्या इस्त्रीस ओला हात लावू नये, व काम सोडून उठताना तिचा खटका बंद करावा. कोळशाची इस्त्री बंद खोलीत वापरू नये. निखाऱ्यांचा विषारी वायू वासावाचून जीव घेतो. ज्या घरी इस्त्री नव्हती तेथे आपली माणसे तांब्यात निखारे घालून त्याचा तळ कपड्यावर फिरवीत, किंवा घडी घालून रात्री अंथरुणाखाली ठेवीत. नीटनेटकेपणास पैसा लागतोच असे नाही, ह्याचा तो पुरावा होय.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) महाडच्या तळ्याचा व स्वच्छ वस्त्रांचा संबंध काय?
(२) गांधीजींची पहिली कॉलर कोणत्या तीन कारणांनी बिघडली?
(३) साबण पुष्कळ वापरूनही कपडा मळका का राहतो?
(४) पावसाळ्यात कपडे वाळविण्याचे तीन उपाय सांगा.
(५) आपल्या घरी कपडे कोण धुते? ती आजारी पडल्यास कोण धुईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊन भागणार नाही. वर्ग चालविणाऱ्यांनी पुढील आठवड्यात प्रत्येक पुरुषास व मुलास स्वतः धुतलेला, वाळविलेला व इस्त्री केलेला एक सदरा घालून येण्यास सांगावे, आणि स्वतःही तसेच यावे. कोणाच्या गळपट्टीची खळ गळाली तर हसू नये. पुढच्या खेपेस ती गळणार नाही.