ठाऊक होतं, बोलले नाही

माझ्या कपाटात, हिवतापाच्या जुन्या रजिस्टरांमागे, एक पट्टा ठेवलेला आहे. काळ्या नायलॉनचा, चार बोटं रुंद, मधोमध काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. बाळाच्या छातीला बांधला की मिनिटभरात श्वास मोजून तो आकडा दाखवायचा, आणि आकडा जास्त आला की लाल दिवा लागायचा. आम्ही चौघांनी त्यावर वर्षभर काम केलं. आज तो सुरू होत नाही, आणि सुरू असता तरी आमच्याकडे कुणी वापरला नसता. हे मला पहिल्याच महिन्यात ठाऊक होतं. मी बोलले नाही.

गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. लोक सिस्टरच म्हणतात. शाळा मराठीत झाली, शेजार तेलुगूचा, माडिया ऐकून ऐकून थोडी समजते. अशा माणसाला आरोग्य-संशोधनाच्या फेलोशिपमध्ये हल्ली मुद्दाम घेतात. घ्यायलाच हवं. पण घेतल्यावर त्या माणसाने काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

या फेलोशिपमागचा विचार चांगला आहे, हे आधी सांगते. डॉक्टरला आजार कळतो, इंजिनिअरला यंत्र कळतं, डिझाइनरला वस्तू हातात कशी बसेल ते कळतं. तिघं वेगवेगळी बसली तर प्रत्येकाचं अर्धवट राहतं. म्हणून त्यांची एक टोळी करायची, मानधन द्यायचं, वर एक जाणता मार्गदर्शक नेमायचा आणि ठरावीक मुदतीत गरज शोधण्यापासून वस्तू उभी करण्यापर्यंत न्यायचं. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. पॉल यॉक यांनी 2001 मध्ये बायोडिझाइन म्हणून ही पद्धत बसवली. पुढे एम्स आणि आयआयटी दिल्ली यांनी ती आपल्याकडे आणली. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 2014 मध्ये बेटिक हे केंद्र सुरू केलं. त्याच्या जाळ्यात नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपीही आलं. या साऱ्या ठिकाणी पहिला धडा एकच: आधी गरज बघा, उपाय नंतर. आमच्याही पहिल्या शिबिरात तो फळ्यावर लिहिला होता. आम्ही वहीत उतरवूनही घेतला.

आमची टीम अशी: नागपूरचा इंजिनिअर, एक बीएएमएस डॉक्टर, पुण्याची डिझाइनर मुलगी आणि मी. दोन दिवस भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, काढल्या, आणि लहान बाळांचा न्यूमोनिया हा विषय घेतला. विषय खराच आहे. आमच्याकडे बाळाचं पोट उडायला लागलं की घर घाबरतं, आणि दवाखाना लांब असतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षापर्यंतचं 50 किंवा जास्त, तर तो धोका समजायचा, हे आम्ही नर्सिंगला पाठ केलेलं. पण रडणाऱ्या, हात-पाय झाडणाऱ्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिट मोजणं किती अवघड, ते मोजणाऱ्यालाच कळतं. इंजिनिअर म्हणाला, मग माणसाने मोजायचंच कशाला? पट्टा मोजेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आता मला त्या वेळी काय ठाऊक होतं ते सांगते.

नव्या बाळंतिणीच्या घरात बाहेरची वस्तू सहज आत जात नाही. बाळाच्या अंगाला काय बांधायचं आणि काय नाही, हे घरातलं म्हातारं माणूस ठरवतं. पावसाळ्यात आमच्या आतल्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, लाइट जाते ती दोन-दोन, चार-चार दिवस येत नाही, आणि न्यूमोनियाचा जोर त्याच ओल्या-थंड दिवसांत. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती मी डोळ्यांनी कितीदा तरी पाहिली होती. घरी गेल्यावर आशाताई बाळाचे श्वास कसे मोजते? आत अंधार असतो, कुडाच्या भिंती, खिडकी नाहीच. बाळावरचं लुगडं एका हाताने वर धरायचं, दुसऱ्या हातात सेकंदकाट्याचं घड्याळ. मग उजेड कुठून आणायचा? ती टॉर्च दातांत धरते. मान जरा वळली की झोत बाळाच्या डोळ्यांवर पडतो, बाळ दचकून रडतं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिला मोजता येतं. तिसरा हात नाही, ही तिची अडचण.

हे वाक्य मी त्या खोलीत बोलायला हवं होतं. का बोलले नाही? बैठक इंग्रजीत चालायची, अधूनमधून माझ्यासाठी कुणीतरी हिंदीत सांगायचं. माझ्याकडे बघून विचारायचे, "ताई, फील्डवर चालेल ना?" मी म्हणायची, "चालेल." त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही, उलट फार मान दिला. माझ्याच मनात होतं की हे शिकलेले लोक आहेत, आपण आशाताईच्या दातातल्या टॉर्चची गोष्ट काय सांगायची. मी माझ्या माहितीला माहिती मानलंच नाही. जयपूर फूटची गोष्ट मला नंतर कळली. डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे मोठे सर्जन, पण रबराचा तो कृत्रिम पाय घडवला रामचंद्र शर्मा या कारागिराने, ज्यांचं शालेय शिक्षण अगदी थोडं झालं होतं. कारागीर गप्प बसला असता तर सर्जनच्या ज्ञानातून तो पाय निघाला नसता.

ऑगस्टमध्ये पट्ट्याचा पहिला नमुना तयार झाला. डॉक्टर म्हणाले, एकदा नुसतं दाखवून येऊ. मी एका टोल्यावर घेऊन गेले. दोन आठवड्यांचं बाळ, चांगलं बाळसं धरलेलं, आशाताईच्या भेटीचा तो दिवसच होता. आजीने पट्टा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि आशाताईला माडियात काहीतरी विचारलं. आशाताईने मला मराठीत सांगितलं, "लेकराला काऊन बांधता म्हणते जी, ते काय पळून चाललं?" तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी बांधू दिला. गार नायलॉन अंगाला लागताच बाळ किंचाळलं. रडण्याचे हिसके पट्ट्याने श्वास म्हणून मोजले. डबीवर 94 आले आणि लाल दिवा लागला.

त्या अंधाऱ्या घरात तो लाल दिवा बाळाच्या छातीवर पेटलेला मला अजून दिसतो. आईने बाळ ओढून घेतलं. आजी उठून उभी राहिली. आशाताईने सगळ्यांना शांत केलं, बाळाला पाजायला लावलं, ते झोपलं, मग टॉर्च दातांत धरून मोजलं. 46. बाळाला काही झालेलं नव्हतं. पण पुढचे पंधरा दिवस त्या घराने आशाताईला दारात उभं केलं नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा भेटते, घरी जन्मलं तर सात वेळा. त्यातल्या भेटी आमच्या पट्ट्याने बुडवल्या. बाळ सुखरूप राहिलं, हे आमचं नशीब. आशाताईने दहा वर्षांत त्या टोल्यावर जो विश्वास कमावला होता तो मी एका दुपारी खर्च केला, आणि तो माझा नव्हताच.

मार्गदर्शक सरांना हे मी फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दोनच प्रश्न विचारले. नैतिक समितीची मंजुरी होती का? आणि शोधग्रामला जाऊन आलात का? दोन्हींचं उत्तर नाही होतं.

पहिल्याचं आधी सांगते. "नुसतं दाखवायला" म्हणून काही नसतं. बाळाच्या अंगाला यंत्र लागलं की ती चाचणी झाली. त्याला संस्थेच्या नैतिक समितीची लेखी मंजुरी लागते, आणि आई-वडिलांची संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. माडिया घरात मराठी कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत उपकरणांचे धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. आपली वस्तू कोणत्या वर्गात बसते हे पहिल्या तिमाहीतच विचारून घ्या, म्हणजे पुढे किती कागद आणि किती वर्षं लागतील याचा अंदाज येतो. मंजुरीला महिने जातात म्हणून टीम ती मागे ढकलतात. आम्हीही ढकलली होती.

दुसरा प्रश्न मला जास्त लागला. शोधग्राम आमच्याच जिल्ह्यात, धानोरा रस्त्यावर. तिथले डॉ. अभय आणि राणी बंग 1986 पासून गडचिरोलीत काम करतात. 39 गावांत त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात बालमृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि आज देशभरच्या आशाताई ज्या भेटी देतात त्या त्यातूनच आल्या. इतकं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की श्वास मोजायचं साधनही तिथे कधीच बनलं होतं. निरक्षर दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळ आजारी. बॅटरी नाही, बाळाला हातसुद्धा लावायचा नाही. ज्या दाईला आकडे येत नाहीत तिच्या बोटांना मणी सरकवता येतो, हे त्यांनी आधी पाहिलं आणि मग साधन केलं. आम्ही वर्षभरात परदेशातले किती पेपर वाचले, पण अहेरीहून बसने एका दिवसात जाता येईल तिथे गेलो नाही.

तेव्हा तुमच्या टीमसाठी माझं पहिलं सांगणं असं: काही बनवायच्या आधी, तुमच्या विषयावर तुमच्याच भागात आधी कोण झिजलं आहे ते शोधा आणि तिथे जाऊन राहा. हेमलकशाला 1973 मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे, शोधग्राम आहे, आणि ज्यांचं नाव कुठेच छापलं नाही अशा तीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सबाया आहेत. त्यांच्या पडवीत दोन दिवस बसलात तर वर्ष वाचेल.

आणि जंगलाचं वर्ष फेलोशिपच्या वर्षाप्रमाणे चालत नाही. मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैत रोवणी. या दिवसांत दुपारी टोल्यावर म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी सापडतात. पावसात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. आमच्या वेळापत्रकात गावभेटी नेमक्या मे ते ऑगस्ट अशा बसवल्या होत्या, आणि तो तक्ता बघतानाही मी गप्पच होते.

पैशाचं आणि हक्काचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आमचं जे झालं ते पुष्कळ टीमचं होतं. वर्ष संपलं, डॉक्टरांना पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली, इंजिनिअरला नोकरी. नमुना कुणाचा, नकाशे कुणाचे, पुढे कुणी करायचं, काहीच लिहिलेलं नव्हतं. भांडण झालं नाही, पण काम तिथेच मेलं. पहिल्याच महिन्यात कागद करा: कोण किती वेळ देणार, सोडून गेला तर त्याचा वाटा काय, पेटंटवर कुणाकुणाची नावं. आणि पेटंट घ्यायचं असेल तर प्रदर्शनात मांडायच्या आधी तात्पुरता अर्ज भरा. त्यानंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. आम्ही आधी मांडलं आणि मग विचारलं.

मार्गदर्शकाबद्दलही एक. दर पंधरा दिवसांनी सरांशी बोलणं व्हायचं, आणि आम्ही त्यांना चालू झालेल्या गोष्टी सांगायचो. सेन्सर बसला, डबी लहान झाली. अडलेलं सांगायचं टाळायचो. जे अडलं आहे ते आधी सांगा, मार्गदर्शक त्याचसाठी दिलेला असतो.

बाकी माझं सांगणं माझ्यासारख्या बायांना आहे. उद्या तुमच्या उपकेंद्रात अशी टीम येईल, तुम्हाला सोबत घेईल. आनंदाने जा. पण बैठक मराठीतच घ्या असं पहिल्याच दिवशी म्हणा. त्यांना येते, ते बोलतील. मानधन बाकीच्यांइतकंच मागा. वरिष्ठांची परवानगी लेखी घ्या, नाहीतर सगळं रविवारच्या सुट्टीत करावं लागतं. "चालेल ना?" असं विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. "मला आठ दिवस द्या, आशाताईला विचारून सांगते" असं म्हणा. आणि चालणार नसेल तर त्याच दिवशी, त्याच खोलीत, सगळ्यांदेखत सांगा. त्या खोलीत टोल्यावरची रात्र पाहिलेलं माणूस तुम्ही एकटंच असता.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या आशाताईकडे गेले होते. तिने आपली पिशवी चटईवर रिकामी केली: थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, घड्याळ, बाळाचं ब्लँकेट, गोळ्यांची पाकिटं, रजिस्टर. टॉर्च त्यात नव्हती. तिने एप्रन काढून दाखवला. आलापल्लीच्या शिंप्याकडून तिने खांद्यावर एक उभा खिसा शिवून घेतला आहे, तिरका, म्हणजे झोत बाळाच्या पोटावर पडतो, डोळ्यांवर नाही. शिलाईचे चाळीस रुपये तिने स्वतः दिले. पावसात खिसा भिजतो आणि टॉर्च बंद पडते, म्हणून सध्या तिने आत दुधाची रिकामी पिशवी घातली आहे.