आकाशातील कसरती आणि अप्रमाद

उजळाईवाडीच्या माळावर ५ जानेवारी १९३९ रोजी छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत विमानतळ सुरू झाला. विमानाची घरघर करवीरनगरीला तेव्हापासून परिचित आहे. मात्र विमानांच्या कसरती आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिल्या आहेत त्या बहुधा मोबाइलच्या पडद्यावरच. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येऊ लागली. आता आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुली वैमानिक होण्याची भाषा बोलतात आणि पालक धास्तावून विचारतात, "सर, जिवाला धोका किती?" या प्रश्नाचे उत्तर ‘नशीब’ या शब्दात देणे आम्हांस मान्य नाही. प्रत्येक घटनेस कारण असते आणि ते शोधता येते, ही तथागतांची शिकवण आहे. इतिहासाच्या अभ्यासकाची रीतही तीच.

आपल्या जवळच्या प्रदेशापासून आरंभ करू. १ ऑक्टोबर २००२ रोजी गोव्यातील दाबोळी येथे नौदलाच्या आयएल-३८ विमानांच्या तुकडीचा रौप्यमहोत्सव होता. त्यानिमित्त एकत्र उडणारी दोन विमाने परस्परांवर आदळली. विमानांतील बाराही जण मृत्यू पावले, खाली जमिनीवरील काही जणही गेले. दाबोळीच्याच ‘सागर पवन’ पथकाचे किरण विमान ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या प्रदर्शनात वस्तीतील इमारतीवर कोसळले. त्यात कमांडर एस. के. मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर यांचा अंत झाला. सीमाभागातील बिदर हे वायुदलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाचे माहेर. १९९६ मध्ये ते तेथे उभे राहिले. २००६ आणि २००९ मध्ये त्याच परिसरात सराव करताना या पथकाने आपले वैमानिक गमावले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूजवळ येलहंका येथे, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सूर्यकिरणची दोन हॉक विमाने धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले.

ही माणसे बेफिकीर होती असे कोणी समजू नये. खासबागेत पैलवान जो डाव टाकतो तो तालमीच्या लाल मातीत शेकडो वेळा घोटलेला असतो. हवाई कसरतीचेही तसेच आहे. मात्र तेथे चुकीला फार थोडी जागा असते, आणि ती किती थोडी हे समजण्यास थोडे विज्ञान पाहावे लागते.

विमान वळताना एका अंगाला कलते. कल ६० अंशांचा झाला आणि उंची तीच राखायची असेल, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. ज्या वेगाखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत, तो वेगही सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. कल ७५ अंशांवर गेला की भार जवळजवळ चौपट होतो. म्हणजे सरळ उडताना सुरक्षित असलेला वेग तीव्र वळणात घातक ठरू शकतो. उभे वर्तुळ घेतानाचे गणित याहून कठोर आहे, कारण माथ्यावर पुरेशी उंची मिळाली नसेल तर खाली येताना वर्तुळ पुरे होण्याआधीच जमीन येते. इंग्लंडमधील शोरहॅम येथे २२ ऑगस्ट २०१५ रोजी हेच घडले. माथ्यावर ३,५०० फूट उंची आवश्यक होती, विमान सुमारे २,७०० फुटांवरच होते. कसरत तेथेच सोडून देता आली असती, ती सोडली गेली नाही. वैमानिक बचावला, मेले ते खालच्या रस्त्यावरील ११ जण. तो खेळ पाहण्याचे तिकीट त्यांच्यापैकी कोणीही काढलेले नव्हते.

आम्ही मात्र विद्यार्थ्यांना सर्वाधिक वेळ देऊन सांगतो ती घटना अमेरिकेतील फेअरचाइल्ड हवाई तळावरील आहे. बड हॉलंड हे तेथील नामांकित वैमानिक. बी-५२ हे आठ इंजिनांचे अवजड बॉम्बफेकी विमान ते कसबी हातांनी लीलया फिरवत. उड्डाणाचे निकष पाळले जातात की नाही हे तपासण्याचे पद त्यांच्याकडेच होते, आणि १९९१ पासून ते स्वतः वारंवार निकष मोडत होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी एका डोंगरकड्यावरून अवघ्या ३० फुटांवरून विमान नेले. तुकडीप्रमुख मार्क मॅकगीहन यांनी वरिष्ठांकडे मागणी केली की हॉलंड यांचे उड्डाण बंद करावे. वरिष्ठांनी तोंडी समज देऊन विषय मिटवला. तेव्हा मॅकगीहन यांनी ठरवले की आपल्या तुकडीतील कोणासही हॉलंड यांच्याबरोबर पाठवायचे नाही. सहवैमानिक म्हणून आपण स्वतः बसायचे. २४ जून १९९४ रोजी प्रदर्शनाच्या सरावात हॉलंड यांनी सुमारे २५० फुटांवर, नियंत्रण मनोऱ्याभोवती तीव्र वळण घेतले. वेग घटला, विमान ९० अंशांपर्यंत कलले आणि कोसळले. चौघे गेले, त्यांत मॅकगीहनही होते. ज्या वरिष्ठांनी तक्रार बाजूस सारली त्यांनी पुढे लष्करी न्यायालयात कर्तव्यच्युतीची कबुली दिली.

तीन वर्षे जे घडत होते ते कोणाला दिसले नव्हते असे नाही. ज्येष्ठता आणि कौशल्य यांचे वलय एवढे होते की पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी विभूतिपूजेविषयी इशारा दिला तो राजकारणाच्या संदर्भात. विमानाच्या कक्षातही तो तंतोतंत लागू पडतो, असे आमचे मत आहे. ज्या समाजाने शतकानुशतके ‘वरच्याला उलट बोलू नये’ हा दंडक अंगावर वागवला, त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

कसरत नसलेल्या उड्डाणातही हेच दिसते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळीकोड येथे पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपुढील खोलात गेले व २१ जण मृत्यू पावले. कॅप्टन दीपक साठे हे नागपूरच्या मराठी घरातले, एनडीएतून घडलेले, वायुदलात विंग कमांडर राहिलेले अनुभवी वैमानिक. त्यांच्या सेवेविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि अधिकृत चौकशी अहवाल सांगतो की विमान धावपट्टीवर फार पुढे टेकत असताना सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना केली होती आणि ती अमलात आली नाही. कक्षातील ज्येष्ठ-कनिष्ठ यांतील मोठे अंतर अहवालाने कारणांमध्ये नोंदवले आहे. धोका ओळखूनही कनिष्ठाने नियंत्रण हाती घेतले नाही, हेही त्यात आहे.

धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्रमादाचा आहे. त्याचा अर्थ आम्ही भित्रेपणा असा घेत नाही. धोका ओळखून, मोजून, जागेपणी केलेले कर्म असा घेतो. कसरती करणारी उत्तम पथके सरावानंतर चित्रफीत समोर ठेवून बसतात. तेथे हुद्दा बाजूला ठेवून चूक बोलली जाते. भिक्खूसंघात वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते तिची येथे आठवण व्हावी. ज्येष्ठतम थेरही संघापुढे बसून विनंती करतात की माझे काही वावगे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली असेल तर सांगावे. त्यांच्यानंतर क्रमाने कनिष्ठ भिक्खू तीच विनंती करतात. यंदाच्या आश्विन पौर्णिमेस वसतिगृहात आम्ही तिचे छोटे रूप योजले आहे. शिक्षक प्रथम बसतील, आणि पहिला प्रश्न पाचवीच्या वर्गाकडून येईल.