बूट घेण्याआधी मैदान बघ

पोरी, आजवर तू सात जणींचं रग्बी, म्हणजे सेव्हन्स खेळलीस. आता पंधराच्या संघात उतरते आहेस आणि शाळेतल्या लहानग्यांना टॅग रग्बी शिकवायचंही अंगावर घेतलं आहेस. दुकानात जाण्याआधी मामाचं एवढं ऐकून घे. रग्बीचं सामान घेताना तीन प्रश्न विचारायचे: खेळ कुठला, जमीन कुठली, आणि संघात आपली जागा कुठली? टीव्हीवरच्या खेळाडूच्या पायात काय आहे, हा प्रश्न चौथासुद्धा नाही.

बूट खेळ बघून घे. सेव्हन्समध्ये मैदान पंधराच्या खेळाएवढंच मोठं, पण माणसं निम्म्याहून कमी. अर्धा डाव 7 मिनिटांचा, स्क्रममध्ये तिघीच. सगळा खेळ धावण्याचा आणि वळण्याचा. तिथे हलका, घोट्याखाली संपणारा बूट बरोबर होता. पंधराच्या खेळात अर्धा डाव 40 मिनिटांचा आणि स्क्रममध्ये आठ जणी. तुला दुसऱ्या रांगेत, लॉकच्या जागी उभं करणार आहेत. म्हणजे जमिनीत पाय रोवून पुढच्यांना रेटायचं. तिथे टाच घट्ट धरणारा, कडक तळव्याचा आणि स्क्रूचे आठ स्टड असलेला बूट हवा. तो थोडा जड असतो, तो जडपणा सोस. विंगवर खेळणाऱ्या मैत्रिणीने मात्र तुझं बघून तसलेच बूट घेऊ नयेत.

मग जमीन बघ. मुंबईच्या पावसात मैदान चिखल होतं. तिथे धातूचे लांब स्टडच पकड देतात. तेच बूट उन्हाळ्यात मुरमाच्या कडक मैदानावर घातलेस तर स्टड आत रुतत नाहीत, पाय घसरतो आणि तळव्याला टोचणी लागते ती वेगळीच. कोरड्या मैदानाला तळव्यातच ओतलेले मोल्डेड स्टड घे. कृत्रिम टर्फवर आखूड आणि संख्येने जास्त असलेले रबरी स्टड घाल. लांब स्टड तिथे अडकला की पाय जागच्या जागी राहतो, गुडघा फिरतो.

बूट संध्याकाळी घे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळायचे जाड मोजे घालूनच मापून बघ. टाच आत वरखाली होत असेल तर बूट कितीही आवडला तरी परत ठेव.

स्टड समोरच्या खेळाडूच्या अंगावर पडतो, हे विसरू नकोस. नियमाने स्टडची लांबी 21 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि चवड्याच्या टोकाला एकटा स्टड चालत नाही. सामन्याआधी रेफरी तळवे तपासतात. पण त्यांच्याआधी तू तपास. प्रत्येक स्टडवरून अंगठा फिरव. सिमेंटवरून चालल्याने धातूला धारदार कड येते. ती कानशीने घासून काढ किंवा स्टडच बदल. बुटासोबत मिळालेली स्टडची चावी कायम पिशवीत असू दे, आणि बूट मैदानाच्या कडेलाच घाल.

माउथगार्डशिवाय सरावालासुद्धा उतरू नकोस. सात असोत की पंधरा, टॅकल आहे तिथे माउथगार्ड हवाच. दंतवैद्याकडून दातांच्या मापाचा करून घेतलेला सगळ्यात उत्तम. तेवढे पैसे नसतील तर गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा घे. पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद पाण्यात ठेव, मग चावून, ओठ मिटून हवा ओढून घे आणि बोटांनी बाहेरून दाब. तोंड थोडं उघडल्यावर तो खाली पडला तर बसलेला नाही, असं समज. चघळू नकोस, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नकोस, फाटला की बदल. वाढत्या वयाच्या मुलांचा दर हंगामात तपासून बघ.

हेडगार्ड कानासाठी आहे. लॉकचे कान पुढच्यांच्या मांड्यांमध्ये घासतात, सुजतात आणि कायमचे वेडेवाकडे होतात. म्हणून हेडगार्ड जरूर घाल. खरचटणं आणि फाटणंही त्याने टळतं. पण आत मेंदूला बसणारा हादरा तो थांबवत नाही. हेडगार्ड आहे म्हणून डोकं पुढे घालून टॅकल करणारी खेळाडू स्वतःला आणि दुसरीला धोक्यात घालते. डोक्याला मार लागला की बाहेर यायचं, त्यावर वाद नको. खांद्याच्या पॅडचंही हेडगार्डसारखंच: खरचटणं टळतं, हादरा थांबत नाही. दोन्हींवर वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या मान्यतेची खूण आहे ना, एवढं बघून घे.

पुन्हा कधी सेव्हन्स खेळायला गेलीस तर पिशवी वेगळी भर. हा खेळ 1883 साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात सुरू झाला, तोच एका दिवसात अनेक सामने खेळवता यावेत म्हणून. आजही तसंच आहे. सकाळी भिजलेले मोजे संध्याकाळपर्यंत पायात राहिले तर फोड येणारच. मोज्यांचे दोन-तीन जोड, जास्तीची जर्सी, टेप आणि टॉवेल सोबत ने.

लहानग्यांना लहान चेंडू दे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना 3 नंबर, दहा ते चौदा वर्षांच्यांना 4, त्यापुढे 5. मोठा चेंडू लहान हातात मावत नाही. मग मूल तो छातीशी कवटाळतं आणि पास द्यायला शिकतच नाही. सरावाला रबरी, दाणेदार पृष्ठभागाचा घे. पावसात त्या दाण्यांचीच मदत होते. हवा 9.5 ते 10 पीएसआय. अंदाजाने भरू नकोस, पंपाला काटा असू दे. टॅगमध्ये टॅकल नाही, फक्त समोरच्याच्या कमरेची टॅग ओढायची, म्हणून स्क्रूचे स्टडही नकोत. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना वेल्क्रोची टॅग, आणि जर्सी आत खोचलेली, नाहीतर टॅग झाकली जाते. वाळूवर खेळवलंस तर अनवाणी खेळू दे. मात्र आधी सगळी वाळू चालून काचा आणि शिंपले वेचून काढ.

घालायचं नाही तेही ऐक. कानातलं, नाकातलं, अंगठी, बांगडी, गळ्यातली साखळी सगळं घरी. त्यावर टेप लावूनही चालत नाही. चेन किंवा बकल असलेले कपडेही नकोत. नखं कापलेली हवीत.

शेवटचं पैशांचं. आधी माउथगार्ड, मग तुझ्या जमिनीला साजेसे बूट, मग हेडगार्ड. खांद्याचे पॅड आणि महागडी जर्सी त्यानंतर, आणि उरले तरच. तुझे सेव्हन्सचे बूट अजून धड आहेत. ते धुऊन, सावलीत वाळवून संघात नव्याने आलेल्या, तुझ्या मापाच्या मुलीला दे. बूट नाहीत म्हणून कुणी कडेला बसू नये, ही जबाबदारी आता तुझ्यासारख्या मोठ्यांची आहे.