पाच लाखांतून चार : माहितीच्या पुरात अमलाची वाट



फजरची नमाज आटोपून जानमाजची घडी होण्यापूर्वीच आज अनेकांचा हात मोबाइलकडे जातो. रात्रभरात मशिदीच्या, मोहल्ल्याच्या आणि नातलगांच्या गटांवर संदेशांचा ढीग साचलेला असतो. त्यात एखादी दुआ असते, एखाद्या बयानाची चित्रफीत असते, दूरच्या देशातील युद्धाची छायाचित्रे असतात, औषधी नुस्खा असतो आणि ‘सर्वांपर्यंत पोहोचवा’ असा आग्रहही असतो. अर्धा तास निघून जातो. डोळे थकतात, मन भरून येते. परंतु त्या अर्ध्या तासाने आपल्याकडून कोणते काम करून घेतले, असा प्रश्न विचारला, तर बहुतेकांना उत्तर सापडत नाही.

हा केवळ वेळेच्या नियोजनाचा प्रश्न असता, तर तो दीनच्या मासिकात मांडण्याचे कारण नव्हते. ऐकणे, पाहणे आणि मनात धरणे या तिन्ही गोष्टींबद्दल अल्लाहपुढे जाब द्यावा लागणार आहे, असा इशारा पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये आला आहे. आणि ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, हा आदेशही तेथेच आहे. म्हणजे कान आणि डोळे ही अमानत आहे. त्या अमानतीत दिवसभर काय ओतले जाते, याचा हिशेब ठेवणे हे ईमानधारकाचे कर्तव्य ठरते.

माहिती, इल्म आणि अमल

प्रथम तीन गोष्टींतील भेद समजून घेऊ. कानावर पडते ती माहिती. पारखून, समजून मनात स्थिरावते ते इल्म. आणि हातापायांतून, जिभेतून, खिशातून प्रकट होतो तो अमल. माहिती ही पहिली पायरी आहे. तिच्यावरच बसून राहणाऱ्याला घरात प्रवेश मिळत नाही.

सूरह जुमुआमध्ये ग्रंथांचे ओझे वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टान्त आला आहे. ज्यांच्याकडे ईशग्रंथ सोपवला गेला, पण ज्यांनी त्याची जबाबदारी उचलली नाही, त्यांच्यासाठी तो आहे. पाठीवर ग्रंथ असल्याने वाहणारा विद्वान होत नाही. त्याला फक्त वजन जाणवते. आपल्या मोबाइलमध्ये शेकडो बयाने साठवलेली असतील आणि शेजाऱ्याशी वर्षभराचा अबोला मात्र तसाच असेल, तर या दृष्टान्ताकडे पुन्हा एकदा पाहावे.

सहाबांची शिकण्याची रीत वेगळी होती. ताबिई अबू अब्दुर्रहमान सुलमी (रह.) यांनी आपल्या गुरुजनांविषयी सांगितले आहे की ते प्रेषितांकडून (स.) दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढच्या दहा आयतींकडे वळत नसत. विचार करा, ज्यांना प्रत्यक्ष प्रेषितांचा सहवास लाभला होता, त्यांनीही घाई केली नाही. आणि प्रेषित (स.) स्वतः अल्लाहजवळ ज्या गोष्टींपासून आश्रय मागत, त्यांत लाभ न देणारे ज्ञान ही एक गोष्ट होती, असे सहीह मुस्लिममध्ये नोंदले आहे.

इमाम गजाली (रह.) यांच्या तरुणपणीची एक घटना चरित्रकारांनी दिली आहे. जुर्जान येथून शिक्षण घेऊन परतताना लुटारूंनी त्यांचे सामान लुबाडले. त्यात त्यांची टिपणे होती. बाकी सर्व ठेवा, पण एवढी टिपणे परत द्या, अशी विनवणी त्यांनी केली. जे ज्ञान कागद हिरावल्याबरोबर नाहीसे होते, त्याला ज्ञान कसे म्हणावे, अशा अर्थाने लुटारूंचा म्होरक्या हसला. तरुण गजालींनी तो टोला अल्लाहकडून आलेली शिकवण मानला आणि तूस येथे परतल्यावर तीन वर्षे लावून सारे मुखोद्गत केले. आज आपला मोबाइल हरवला, तर आपल्यापाशी दीनचे किती उरेल? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्याशीच द्यावे.

इमाम अबू दाऊद (रह.) यांची निवड

माहितीचा पूर ही केवळ आपल्याच काळाची अडचण आहे, असे समजू नये. हिजरी तिसऱ्या शतकात हदीसच्या विद्वानांपुढे रिवायतींचा अफाट साठा होता. इमाम अबू दाऊद सिजिस्तानी (रह.) यांचा मृत्यू हिजरी २७५ मध्ये, म्हणजे इसवी सन ८८९ मध्ये बसरा येथे झाला. आपण पाच लाख रिवायती लिहून घेतल्या आणि त्यांतून ४,८०० निवडून ‘सुनन’ हा ग्रंथ सिद्ध केला, असे त्यांनी सांगितले आहे. त्यापुढे त्यांनी जे सांगितले ते आपल्या विषयाचे मर्म आहे: माणसाला आपल्या दीनसाठी यांतील चार हदीस पुरेशा आहेत.

पाच लाखांतून ४,८००, आणि त्यांतून चार. याचा अर्थ उरलेल्या हदीस निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. त्यांच्या रक्षणासाठी तर त्यांनी हयात वेचली. अर्थ असा की आचरणाला मुळे लागतात आणि मुळे थोडीच असतात. त्या चार हदीसचा आशय असा: कृत्यांचे मूल्य नियतीवर ठरते, ज्या गोष्टीशी आपला संबंध नाही ती सोडून देणे ही इस्लामी आचरणाची शोभा आहे, स्वतःसाठी आवडते तेच भावासाठी आवडेपर्यंत ईमान पूर्ण होत नाही, हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि त्यांच्यामधल्या संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणारा आपला दीन व अब्रू वाचवतो.

आपल्या हाती येणाऱ्या प्रत्येक संदेशासाठी या चारांच्या चार चाळण्या करता येतात.

पहिली चाळणी : नियत

संदेश उघडताना स्वतःला विचारावे की मला यातून काय करायचे आहे? जकातीची माहिती जकात देण्यासाठी हवी असेल, तर ती वाचणे इबादत आहे. मग वाचून थांबू नये. कागद घ्यावा, घरातील सोने, चांदी, रोकड, बँकेतील शिल्लक, दुकानातील माल लिहावा, देणे वजा करावे. निसाब सोन्याचा ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम धरला जातो. त्यावर चांद्र वर्ष उलटले असेल, तर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के काढावा. एवढा एक कागद जकातीवरील पन्नास चित्रफितींपेक्षा मोलाचा आहे. पुढे पाठवतानाही हाच प्रश्न विचारावा की सवाब हवा आहे, की आपल्याला सर्वांआधी कळले हे दाखवायचे आहे?

दुसरी चाळणी : संबंध

संबंध नसलेले सोडा, या शिकवणुकीचा अर्थ समाजाविषयी उदासीन व्हा, असा कोणी घेऊ नये. उलट, जे माझ्या जबाबदारीत येते ते हातात घेता यावे, म्हणून बाकीचे सोडायचे आहे.

वक्फचे उदाहरण घ्या. वक्फ सुधारणा कायदा ८ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. ६ जून २०२५ रोजी केंद्र शासनाने ‘उम्मीद’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचा तपशील त्यावर भरण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. या काळात कायद्याच्या बाजूने आणि विरोधात किती भाषणे आपण ऐकली! मत असणे, ते सनदशीर मार्गाने मांडणे हा आपला हक्क आहे. पण मशिदीचा किंवा कब्रस्तानाचा जो मुतवल्ली आहे, त्याच्यासाठी त्या सहा महिन्यांतले पहिले काम पेटीतले जुने कागद बाहेर काढण्याचे होते: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नोंदणीचा दाखला, चतुःसीमा. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुदत सरसकट वाढवण्यास नकार दिला आणि अडचण असलेल्यांना वक्फ न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. तेव्हा ज्यांचे कागद तयार होते आणि ज्यांच्याकडे केवळ चर्चा होती, त्यांच्यातला फरक उघड झाला. तुम्ही मुतवल्ली नसाल, तरी आपल्या मशिदीच्या कमिटीला जाऊन कागदांची स्थिती विचारा, संगणक येणाऱ्या आपल्या मुलाला मदतीला पाठवा. हा तुमच्या संबंधातला अमल आहे.

तिसरी चाळणी : भाऊ

हाच मजकूर माझ्याविषयी, माझ्या मुलाविषयी असता, तर तो असा पसरलेला मला चालला असता का?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून पसरले होते. ते पाच जण पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे गरीब होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राने मर्यादा घातली. ईमानधारकाच्या बोटावरची मर्यादा तर चौदाशे वर्षांपूर्वीच घातली गेली होती. संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण मुलांचे रक्षण करतो आहोत, असेच वाटले असेल. नियत चांगली असली, तरी तिसरी चाळणी का लागते, ते येथे समजते.

चौथी चाळणी : संशय

आणि आता आपल्या नागपूरकडे येऊ. १७ मार्च २०२५, रमजानचा महिना. दिवसा झालेल्या एका निदर्शनात पवित्र मजकूर असलेली चादर जाळली गेली, अशी वार्ता संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून पसरली. रात्री महाल आणि हंसापुरी भागात दगडफेक, जाळपोळ झाली. शहरातील ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. कोणाचा किती दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे: त्या संध्याकाळी जो संदेश आपल्या हातात आला, त्याचे आपण काय करायला हवे होते?

उत्तर सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. बेभरवशाच्या माणसाने वार्ता आणली, तर शहानिशा करा. नाहीतर अज्ञानाने एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. आणि सूरह निसामध्ये अशा लोकांना दोष दिला आहे, जे शांततेची वा भीतीची वार्ता येताच पसरवतात. ती जबाबदार व्यक्तींकडे नेली असती, तर जाणत्यांनी तिचा तपास लावला असता. सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील हदीसनुसार ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे, एवढेच माणूस खोटारडा ठरण्यास पुरेसे आहे.

यातून कृती स्पष्ट होते. भडकवणारा संदेश आला की बोट थांबवावे. तो गटावर टाकू नये. मोहल्ल्यातील जबाबदार माणसाला किंवा पोलीस ठाण्याला दाखवावा. आपल्या मुलांना त्या रात्री घरात बसवून घ्यावे. संशयाच्या वेळी थांबणे हाही एक अमल आहे, आणि त्या रात्री तोच सर्वांत मोठा अमल होता.

थोडे, पण नित्य

काही वाचक विचारतील की उम्मतवर कोठे कोठे अत्याचार होत आहेत, ते पाहायचेच नाही का? पाहावे. परंतु पाहणे कोठे संपते, ते ठरवून पाहावे. फलस्तीनची बातमी वाचली, तर तिचा शेवट दुआत, ऐपतीप्रमाणे विश्वासू मार्गाने दिलेल्या सदक्यात किंवा सनदशीर निवेदनात व्हावा. ज्या दुःखाचे काहीच केले जात नाही, ते रोज पाहून हृदय मऊ होत नाही, बधिर होते.

अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तो, जो नित्य केला जातो, मग तो थोडा का असेना. ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. म्हणून एका आठवड्यासाठी एकच गोष्ट निवडा. ती वहीत लिहा. घरात सांगा, म्हणजे आई, पत्नी, मुले आठवण करून देतील. फजरनंतर मोबाइलऐवजी पाच आयती अर्थासह वाचा. बातम्यांसाठी दिवसातून एक वेळ ठरवा. ‘रक्त हवे आहे’ असा तारीख नसलेला संदेश दहा गटांवर टाकण्याऐवजी दिलेल्या क्रमांकावर एक फोन करा. गरज खरी असेल, तर मेयो किंवा मेडिकलमध्ये स्वतः जा. आईबहिणींनो, पाककृतींच्या आणि वजिफ्यांच्या शंभर चित्रफिती पाहण्यापेक्षा मुलाला एक दुआ अर्थासह पाठ करून घ्या. आठवडा संपला की जुमाच्या दिवशी हिशेब करा: झाले का? झाले असेल, तर शुक्र करा आणि पुढची गोष्ट घ्या. नसेल, तर तीच पुन्हा घ्या.

तिर्मिजीतील एका हदीसचा आशय आहे की कियामतच्या दिवशी माणसाचे पाय जागचे हलणार नाहीत, जोवर त्याला विचारले जात नाही की आयुष्य कशात घालवले, ज्ञानावर किती अमल केला, संपत्ती कोठून मिळवली व कोठे खर्च केली, आणि शरीर कशात झिजवले. किती संदेश मिळाले आणि किती पाठवले, याला त्या यादीत श्रेय नाही. त्यांत गेलेला वेळ मात्र आयुष्याच्या प्रश्नात मोजला जाणार आहे.

हा लेखही माहितीच आहे. तो वाचून मासिक मिटवण्यापूर्वी या आठवड्याची आपली एक गोष्ट ठरवावी, एवढीच विनंती. अल्लाह आपल्याला लाभदायक इल्म, शुद्ध नियत आणि नित्य अमलाची तौफीक देवो आणि आपल्या शहराला अमन देवो. आमीन.