यंत्राशी डाव

बुद्धिबळात एकाने मोहरे हलवले की दुसऱ्याची पाळी येते. कॉम्प्युटरवर मात्र असेही खेळ आहेत की त्यांत पाळीच नाही. दोघेही एकाच वेळी माल गोळा करतात, घरे बांधतात, फौज उभारतात. विचार करत बसलं, की शत्रू दारात!

'स्टारक्राफ्ट दोन' हा तसला खेळ. तो २०१० साली निघाला. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने तो खेळणारे यंत्र तयार केले. यंत्र म्हणजे लोखंडी माणूस नव्हे बरं का! कॉम्प्युटरच्या आत चालणारा तो हिशेब. नाव अल्फास्टार.

ते शिकले कसे? आधी त्याला माणसांचे डाव दाखवले. मग त्याच्या अनेक नकला करून त्या आपसांत लढवल्या. ज्या रीतीने डाव जिंकला ती धरायची, हरला ती सोडायची. माणसाला दोनशे वर्षे लागतील इतका खेळ एकेका नकलेने चौदा दिवसांत केला.

डिसेंबर २०१८ मध्ये दोन नामांकित खेळाडू त्याच्याशी पाच-पाच डाव खेळले. एक जर्मनीचा, दुसरा पोलंडचा. दहाही डाव यंत्राने जिंकले. पण आम्हांला हा सामना बरोबरीचा वाटत नाही. यंत्राला सारे रणांगण एकदम दिसत होते. माणसाला पडद्यावर मावेल तेवढाच तुकडा दिसतो.

२४ जानेवारी २०१९ रोजी अकरावा डाव झाला. या वेळी यंत्रालाही तुकड्या-तुकड्यानेच पाहायचे होते. पोलंडच्या गड्याने युक्ती केली. आपल्याकडे मक्याची राखण करताना काय होतं? राखणदार पूर्वेच्या बांधाकडे धावला, की डुकरं पश्चिमेकडून शिरतात. तसेच झाले. यंत्राची फौज चाल करून निघाली की हा त्याच्या घरात विमानाने मोजके शिपाई उतरवी. सारी फौज माघारी फिरे. हा शिपाई उचलून नेई. फौज निघाली की पुन्हा उतरवी. मोजक्या शिपायांसाठी थोडेच लोक मागे ठेवावेत, एवढे यंत्राला सुचले नाही. तेवढ्या वेळात याने आपली फौज वाढवली आणि डाव जिंकला.

यंत्राला पुन्हा शिकवले गेले. त्याच वर्षी ते युरोपातल्या खेळाडूंशी नाव लपवून खेळले, आणि हजारांत ९९८ जणांच्या वर गेले.

शहाद्याच्या एस.टी.त आपली पोरं मोबाईलवर खेळत असतात. समोर नाव दिसतं, चित्र दिसतं. तो माणूस की यंत्र, हे नावावरून कळत नाही. युरोपातल्या त्या खेळाडूंची संमती आधी घेतली होती. पण कोणता डाव यंत्राशी आहे, हे त्यांनाही सांगितले नव्हते.